रेप्लिकेशन लॅग अचूक कसा मोजायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवडाभर महापे एमआयडीसीत डेटाबेस सांभाळायचे आणि शनिवारी ठाण्यात नौपाड्याला नव्या डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) मुलामुलींना शिकवायचं, असं माझं गेली काही वर्षं चाललं आहे. वर्ग सुटला तरी प्रश्न सुटत नाहीत. ते येतात बहुतेक रात्री, आणि बहुतेक स्क्रीनशॉटसकट. त्यांत सगळ्यात जास्त प्रश्न रेप्लिकेशनच्या लॅगचे, म्हणजे मूळ डेटाबेस सर्व्हरच्या (प्रायमरी) मागे त्याची सतत बदल घेत राहणारी प्रत (रेप्लिका) किती आहे याचे असतात, म्हणून ते एका जागी उतरवून काढले. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. भर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसवर आहे, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तेच चालतं.

१. लॅग म्हणजे नेमका कशापासून कशापर्यंतचा वेळ?

प्रायमरीवर कमिट झालं, म्हणजे बदल पक्का झाला, त्या क्षणापासून तीच नोंद रेप्लिकावर वाचणाऱ्याला दिसेपर्यंतचा. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तेवढाच लॅग खरा. पण वाटेत टप्पे आहेत. प्रायमरी बदल लॉगमध्ये लिहिते. मायएसक्यूएलमध्ये तो बिनलॉग, पोस्टग्रेसमध्ये वॉल. तो लॉग नेटवर्कवरून जातो, रेप्लिका तो आपल्या डिस्कवर उतरवते, मग लावायला (म्हणजे ते बदल आपल्या टेबलांत करायला) घेते, आणि लावून झाल्यावर तो वाचणाऱ्याला दिसतो. प्रत्येक टूल यातल्या वेगळ्याच टप्प्याचा आकडा देतं आणि नाव मात्र सगळीकडे ‘लॅग’ असं एकच असतं. त्यामुळे कोणी ‘लॅग ४ सेकंद आहे’ म्हणालं की मी आधी दोन गोष्टी विचारते: कुठून कुठपर्यंत मोजला, आणि कोणाच्या घड्याळाने? पुढची बहुतेक उत्तरं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

२. लॅग सेकंदांत मोजू की बाइट्समध्ये?

दोन्हींत, पण कशासाठी कोणता ते ओळखून. कासारवडवलीहून माजिवड्याचं अंतर रोज तेवढंच असतं, घोडबंदर रोडवर लागणारा वेळ मात्र रोज वेगळा. बाइट्स म्हणजे उरलेलं अंतर. पोस्टग्रेसमध्ये दोन ठिकाणचे एलएसएन (वॉलमधल्या जागेचे क्रमांक) वजा केले की उरलेले बाइट्स मिळतात. तो आकडा स्वच्छ असतो, कारण त्यात घड्याळाचा संबंधच येत नाही. पण तेवढे बाइट्स लावायला किती वेळ लागेल हे तो सांगू शकत नाही. साधे इन्सर्ट असले तर रेप्लिका भराभर लावत सुटते. तेवढेच बाइट्स ‘प्रायमरी की’ (प्रत्येक ओळ ओळखणारा रकाना) नसलेल्या मोठ्या टेबलवरच्या डिलीटचे असले, तर मायएसक्यूएलच्या रो-बेस्ड (बदललेली प्रत्येक ओळ पाठवणाऱ्या) रेप्लिकेशनमध्ये एकेक ओळ शोधायला रेप्लिकाला टेबल पालथं घालावं लागतं आणि काम तासन्‌तास रेंगाळतं.

ग्राहकाला किती शिळा डेटा दिसतोय हे सेकंद सांगतात. रांग वाढतेय की ओसरतेय हे बाइट्स सांगतात. मी दोन्ही नोंदवते, आणि ‘कधीपर्यंत भरून निघेल?’ असा फोन आला की बाइट्सच्या आलेखाचा उतार पाहून उत्तर देते.

३. ताई, मायएसक्यूएलचा लॅगचा आकडा, ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’, शून्य आहे, तरी रेप्लिकावर नवीन नोंदी दिसत नाहीत. असं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण याचा चटका मी स्वतः खाल्लेला आहे.

आम्ही ठाण्यातल्या एका पतपेढीचा डेटाबेस सांभाळत होतो, मायएसक्यूएल ५.६ वर. पासबुक छापण्याचं काम रेप्लिकावरून चालायचं, म्हणजे प्रायमरीवर भार येत नसे. जुलैतली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस. शाखेतून फोन आला की एक भाजीवाल्या मावशी काउंटरवर उभ्या आहेत. तासापूर्वी पैसे भरल्याची पावती त्यांच्या हातात आहे, त्यावर शिक्काही आहे, पण पासबुकात नोंद उमटत नाही. क्लार्कने पासबुक दोनदा घातलं, दोन्ही वेळा छपाई आदल्या दिवसाच्या ओळीवरच थांबली. मी डॅशबोर्ड पाहिला. लॅग शून्य, सगळं हिरवं. मी फोनवर सांगितलं, ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे, प्रिंटर तपासा.’ ते वाक्य मला अजून सलतं. त्या मावशी पावसात खोटं बोलायला आल्या नव्हत्या.

झालं होतं असं. मधला फायरवॉल रीस्टार्ट झाला आणि जुनं कनेक्शन त्याच्या स्मरणातून गेलं. प्रायमरीकडून येणारी पॅकेट्स तो गुपचूप टाकून देत होता. रेप्लिकाच्या आयओ थ्रेडला (लॉग आणणाऱ्या भागाला) वाटत होतं की कनेक्शन जिवंत आहे, फक्त नवीन काही येत नाही, म्हणून तो शांतपणे वाट पाहत होता. आणि ‘सेकंड्स बिहाइंड’ हा आकडा एसक्यूएल थ्रेडच्या (आणलेलं लावणाऱ्या भागाच्या) कामावरून निघतो. हाती आलेल्या रिले लॉगमधलं (रेप्लिकाने उतरवून घेतलेल्या लॉगमधलं) सगळं लावून झालं की तो शून्य दाखवतो. आलेलं सगळं लागलं होतंच. जे आलंच नाही त्याची त्याला गंधवार्ता नव्हती.

तेव्हा ‘स्लेव्ह नेट टाइमआउट’ची मूळ किंमत ३,६०० सेकंद होती, म्हणजे मेलेलं कनेक्शन ओळखायला तासभर जाऊ शकत असे. ५.७.७ पासून ती ६० सेकंदांवर आणली आहे. जुना सर्व्हर सांभाळत असाल, किंवा जुनी कॉन्फिग फाइल नव्या सर्व्हरवर जशीच्या तशी आणली असेल, तर ही किंमत आजच पाहा. पण ६० सेकंद केले तरी मूळ उणीव उरतेच: हा आकडा रेप्लिका स्वतःबद्दल स्वतः सांगते. प्रायमरीने पाठवलेली खूण रेप्लिकावर पोचली का, हे तपासल्याशिवाय शून्यावर विश्वास ठेवता येत नाही. ती खूण कशी ठेवायची ते प्रश्न ६ मध्ये आहे.

४. आणि शून्याऐवजी ‘नल’ (रिकामी किंमत) आलं तर?

मायएसक्यूएलमध्ये एसक्यूएल थ्रेड बंद असला, किंवा रेप्लिका प्रायमरीला जोडलेलीच नसली, की तिथे नल येतं. म्हणजे रेप्लिकेशन थांबलं आहे आणि लॅग सांगताच येत नाही. धोका मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टमध्ये असतो. कोणीतरी नलचा शून्य करून टाकतो, कारण आलेखात खंड पडलेला बरा दिसत नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ आहे का ते शोधा. पोस्टग्रेसमध्ये नलचा अर्थ वेगळा आहे, तो प्रश्न ८ मध्ये.

५. आकडा शून्यावरून एकदम १,८०० सेकंदांवर जातो आणि लगेच परत शून्यावर. मोजणी बिघडली का?

मोजणी तिच्या नियमाने बरोबरच चालली आहे. मायएसक्यूएलचा हा आकडा रेप्लिकाची आत्ताची वेळ आणि लॉगमधल्या इव्हेंटवरचा (नोंदीवरचा) वेळेचा शिक्का यांतला फरक असतो. तो शिक्का त्या स्टेटमेंटच्या सुरुवातीचा असतो. समजा कोणी ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणाऱ्या बदलांचा गट) उघडलं, एक अपडेट चालवला आणि कमिट न करता अर्धा तास जेवायला गेलं. बिनलॉगमध्ये ते सगळं कमिटच्या वेळीच उतरतं. रेप्लिकाला तो इव्हेंट अर्ध्या तासाच्या जुन्या शिक्क्यासह मिळतो, ती क्षणभर १,८०० दाखवते, लावून मोकळी होते आणि शून्यावर येते. डेटा प्रत्यक्षात उशिरा पोचलेलाच नसतो.

मोठ्या अल्टर टेबलचं (टेबलची रचना बदलण्याचं) उलट आहे, आणि तो उशीर मात्र खरा असतो. प्रायमरीवर अर्धा तास चाललेला अल्टर तिथे पूर्ण झाल्यावरच रेप्लिकावर सुरू होतो आणि तिथेही साधारण तेवढाच वेळ घेतो. या काळात लॅग पायरी-पायरीने चढत जातो आणि मागचे सगळे बदल खोळंबतात. आलेखावर एकटा सुळका दिसला तर उघडं ठेवलेलं ट्रान्झॅक्शन शोधा, सरळ चढ दिसला तर काय लावलं जातंय ते पाहा. खोट्या सुळक्यातून सुटायचं असेल तर कमिटच्या वेळेवर मोजा (प्रश्न १०).

६. हार्टबीट टेबल नेमकं कसं बनवायचं?

हार्टबीट म्हणजे प्रश्न ३ मध्ये म्हटलेली प्रायमरीची खूण, ठोक्यासारखी नियमित लिहिलेली. त्यासाठी एका ओळीचं टेबल. त्यात दोन रकाने: सर्व्हरचा आयडी आणि वेळ. प्रायमरीवर दर सेकंदाला ती ओळ अपडेट करायची. हा बदल इतर कुठल्याही बदलासारखाच लॉगमधून, नेटवर्कवरून, रिले लॉगमधून जाऊन रेप्लिकावर लागतो. रेप्लिकावर ती ओळ वाचा आणि आत्ताच्या वेळेतून वजा करा. प्रश्न ३ मधल्या संध्याकाळी हे टेबल असतं, तर पहिल्या मिनिटातच आकडा चढायला लागला असता. पर्कोना टूलकिटमधलं पीटी-हार्टबीट हेच करतं, स्वतः लिहायचं झालं तरी वीस ओळींत होतं. गोष्टी चुकतात त्या तपशिलात, आणि त्या मी सगळ्या पाहिल्या आहेत.

एक, वेळ कोणत्या फंक्शनने घेता? पोस्टग्रेसमध्ये ‘नाऊ’ हे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. लांब ट्रान्झॅक्शनच्या आत हार्टबीट लिहाल तर जुनी वेळ लिहाल. तिथे ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’ वापरा, आणि प्रत्येक ठोका स्वतंत्र कमिट करा.

दोन, ठोक्यांमधलं अंतर हीच तुमची अचूकता. सेकंदाला एक ठोका असेल तर लॅग मुळीच नसतानाही वाचलेला आकडा ० ते १ सेकंदात करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो. पीटी-हार्टबीट यासाठी वाचन अर्धा सेकंद मागे सरकवून करतं. ‘लॅग ०.७ सेकंद’ असं एक सेकंदाच्या ठोक्यावरून छातीठोकपणे सांगणारा रिपोर्ट मी परत पाठवते.

तीन, रेप्लिकेशन फिल्टर, म्हणजे रेप्लिकावर काय जायचं आणि काय वगळायचं याची सेटिंग. हार्टबीटचं टेबल ज्या स्कीमामध्ये (टेबलांच्या गटात) आहे ती फिल्टरमध्ये वगळली गेली असेल तर ठोका पोचणारच नाही. हे लगेच कळतं. उलट बाजू कळत नाही: हार्टबीट पोचतोय, पण ग्राहकांची स्कीमा वगळली गेली आहे.

चार, समांतर लावणी. मायएसक्यूएलची रेप्लिका अनेक वर्करनी काम करत असेल आणि कमिटचा क्रम पाळायची सेटिंग बंद असेल, तर हार्टबीटचं चिमुकलं ट्रान्झॅक्शन आधीच्या मोठ्या ट्रान्झॅक्शनला ओलांडून पुढे जातं आणि लॅग कमी भासतो. ८.०.२७ पासून क्रम पाळणं मुळातच चालू असतं. त्याआधीच्या आवृत्तीवर ते हाताने चालू करावं लागतं.

पाच, फेलओव्हर. प्रायमरी बदलली की हार्टबीट लिहिणारा प्रोसेसही नव्या प्रायमरीवर गेला पाहिजे. जुन्या सर्व्हरचा आयडी असलेली ओळ तशीच राहिली आणि वाचणारा तीच वाचत राहिला, तर लॅग कायमचा वाढत जाताना दिसेल. त्यासाठीच आयडीचा रकाना.

दर सेकंदाला एक म्हणजे दिवसाला ८६,४०० अपडेट. डेटाबेसला हा भार नगण्य आहे, पण पोस्टग्रेसमध्ये मेलेल्या ओळी (अपडेटनंतर उरलेल्या जुन्या प्रती) साचतात, तेव्हा त्या टेबलवर ऑटोव्हॅक्यूम (त्या साफ करणारं काम) बंद करू नका आणि वेळेच्या रकान्यावर इंडेक्स टाकू नका.

७. लॅग उणे कसा येतो? आणि कधीकधी बरोबर १९,८०० का येतो?

१९,८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास. एक सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे आणि दुसरा भारतीय वेळेवर, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा पाहिला की मी लॅग शोधतच नाही, थेट टाइमझोनची सेटिंग उघडते. हार्टबीटमध्ये नेहमी यूटीसी लिहा. पीटी-हार्टबीटमध्ये त्यासाठी पर्याय दिलेला आहे आणि तो लिहिताना व वाचताना दोन्हीकडे लावावा लागतो.

छोटा उणे आकडा आला तर दोन सर्व्हरांची घड्याळं जुळलेली नाहीत. उणे निदान डोळ्यांत भरतो. अधिकच्या बाजूचा फरक डोळ्यांत भरत नाही, तो खऱ्या लॅगमध्ये मिसळून जातो. म्हणून आधी दोन्हीकडे क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू आहे ना, आणि ते किती फरक दाखवतंय, हे पाहा. घड्याळांत ३०० मिलीसेकंदांचा फरक असेल तर ३०० मिलीसेकंदांपेक्षा बारीक लॅगबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मायएसक्यूएल स्वतःच्या आकड्यासाठी दोन घड्याळांतला फरक काढून वजा करतं खरं, पण तो फरक आयओ थ्रेड सुरू होतानाच काढला जातो आणि पुढे तोच धरला जातो. नंतर घड्याळ सरकलं तर ती चूक आकड्यात उतरते.

घड्याळांची कटकटच नको असेल तर एकच घड्याळ वापरा. तिसऱ्या एखाद्या मशीनवरून प्रायमरीवर एक खूण लिहा आणि कमिट झाल्यावर त्या मशीनवर वेळ टिपा. मग दर काही मिलीसेकंदांनी रेप्लिकाला विचारत राहा आणि खूण दिसली की पुन्हा वेळ टिपा. वेळ मागेपुढे न होणाऱ्या मोनोटॉनिक घड्याळाने घ्या. यात तुमच्या मशीनपासून दोन्ही सर्व्हरपर्यंतचा नेटवर्कचा वेळ मिसळतो, पण तो वेगळा मोजता येतो. एखाद्या वादाचा निकाल लावायचा असतो तेव्हा मी याच पद्धतीवर भरवसा ठेवते.

८. पोस्टग्रेसमध्ये राइट लॅग, फ्लश लॅग आणि रिप्ले लॅग असे तीन आकडे आहेत. कोणता घ्यायचा?

वाचणाऱ्याला काय दिसतं हे हवं असेल तर रिप्ले लॅग. प्रायमरी जळून गेली तर किती डेटा गमावू हे हवं असेल तर फ्लश लॅग. राइट लॅग फ्लशच्या अलीकडचा टप्पा आहे: वॉल पोचला, लिहायला दिला, पण डिस्कवर पक्का झाल्याची खात्री नाही. तीन आकड्यांतली दरी रोगाची जागा सांगते. राइटच मोठा असेल तर नेटवर्क पाहा. राइट छोटा आणि फ्लश मोठा असेल तर रेप्लिकाची डिस्क. फ्लश छोटा आणि रिप्ले मोठा असेल तर लावणी अडली आहे (प्रश्न १४).

हे रकाने २०१७ साली आलेल्या आवृत्ती १० पासून प्रायमरीवर मिळतात. त्यांची मला आवडणारी गोष्ट अशी की वेळ फक्त प्रायमरीच्या घड्याळाने मोजली जाते: इथे वॉल फ्लश झाला ती वेळ आणि रेप्लिकाची पोच परत आली ती वेळ. प्रश्न ७ चा घोळ इथे नाही. त्यात परतीचा प्रवास धरलेला असतो, एवढं लक्षात ठेवा.

रेप्लिका सगळं लावून मोकळी झाली आणि प्रायमरीवरही काही घडत नसेल, तर हे रकाने थोड्या वेळाने नल होतात. हा नल चांगला. पण या यादीतून रेप्लिकाची ओळच गायब झाली असेल तर ते प्रश्न १२ चं प्रकरण आहे.

९. रात्री कोणी काम करत नसतं, तेव्हाच आमच्या पोस्टग्रेस रेप्लिकाचा लॅग तासांवर जातो. का?

तुम्ही रेप्लिकावर ‘शेवटचं ट्रान्झॅक्शन कधीचं लागलं’ ती वेळ आत्ताच्या वेळेतून वजा करत असणार. ठाणे स्टेशनवर पहाटे तीनला उभं राहून ‘वाशीची शेवटची गाडी सुटून तीन तास झाले, म्हणजे गाडी तीन तास लेट’ असं म्हणण्यासारखं ते आहे. गाडीच नव्हती. प्रायमरीवर कमिट झालं नाही, म्हणून लावायलाही काही नाही.

यावरचा सगळीकडे फिरणारा उपाय असा: वॉल जिथपर्यंत आला आणि जिथपर्यंत लागला ते एलएसएन सारखे असतील तर शून्य दाखवा, नाहीतर वजाबाकी दाखवा. रात्रीचा खोटा लॅग त्याने जातो, पण वॉल येणंच थांबलं असेल तरीही दोन्ही एलएसएन सारखेच राहतात आणि तुम्ही प्रश्न ३ मधल्या शून्यावर येऊन पोचता. हा उपाय वापरायचाच असेल तर वॉल रिसीव्हर (रेप्लिकावर वॉल घेणारा प्रोसेस) जिवंत आहे का हेही त्याच क्वेरीत तपासा. माझं मत विचाराल तर हार्टबीट लावा. दर सेकंदाला एक कमिट होत राहिलं की निवांत रात्र उरतच नाही.

१०. सेकंदाच्या आतला लॅग मायएसक्यूएलमध्ये मोजता येतो का?

८.० पासून येतो. त्यात प्रत्येक ट्रान्झॅक्शनसोबत कमिटच्या वेळेचे दोन शिक्के मायक्रोसेकंदांत जातात: मूळ सर्व्हरवर कमिट झालं ती वेळ, आणि ज्याच्याकडून थेट घेतलं त्या सर्व्हरवर कमिट झालं ती वेळ. परफॉर्मन्स स्कीमामध्ये (मायएसक्यूएलच्या स्वतःच्या मोजमापांच्या स्कीमामध्ये) रेप्लिकेशनच्या टेबलांत शेवटचं रांगेत आलेलं ट्रान्झॅक्शन, शेवटचं लागलेलं आणि आत्ता लागत असलेलं, अशा तिन्हींचे शिक्के दिसतात. पोचायला किती लागले आणि लावायला किती लागले हे यातून वेगळं काढता येतं. दोन वेगळ्या घड्याळांची अडचण मात्र इथेही आहेच, प्रश्न ७ पाहा.

११. अ पासून ब, ब पासून क अशी साखळी आहे. क वरचा लॅग कोणाच्या मागे?

मायएसक्यूएलमध्ये अ च्या मागे. इव्हेंटवरचा मूळ शिक्का साखळीत तसाच पुढे जातो. घड्याळाचा फरक मात्र क आणि ब यांच्यातला काढलेला असतो, म्हणून अ चं घड्याळ चुकलेलं असेल तर क वरचा आकडा गोंधळात टाकतो. दोन टप्पे वेगळे हवे असतील तर प्रश्न १० मधले दोन शिक्के वापरा, किंवा हार्टबीट टेबलात अ ची एक आणि ब ची एक अशा दोन ओळी ठेवा.

१२. पोस्टग्रेसमध्ये लॅगचा अलर्ट एकदाही आला नाही, पण प्रायमरीची डिस्क भरून बंद पडली. संबंध आहे का?

आहे, आणि थेट आहे. तुटलेली रेप्लिका प्रायमरीवरच्या रेप्लिकेशनच्या यादीतून निघून जाते. तुमची क्वेरी त्या यादीतला सगळ्यात मोठा लॅग काढत होती, ओळच उरली नाही म्हणून काही मोठं सापडलं नाही आणि अलर्ट वाजला नाही. इकडे त्या रेप्लिकाचा स्लॉट मात्र तिच्यासाठी वॉल राखून ठेवत बसला.

स्लॉटची यादी वेगळी पाहा. त्यात स्लॉट सक्रिय आहे का ते दिसतं, आणि रीस्टार्ट एलएसएन (जिथपासूनचा वॉल राखला आहे ती जागा) प्रायमरीच्या आत्ताच्या एलएसएनमधून वजा केला की किती वॉल अडकून पडला ते कळतं. आवृत्ती १३ पासून ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ने त्याला मर्यादा घालता येते, मुळात ती अमर्याद असते. मर्यादा घातली तर रेप्लिका फार मागे पडल्यावर नव्याने बनवावी लागेल. मला ती मेहनत प्रायमरी बंद पडण्यापेक्षा परवडते. आणि अपेक्षित रेप्लिका किती, जोडलेल्या किती, याचा वेगळा अलर्ट ठेवा.

१३. सेमी-सिंक किंवा सिंक्रोनस रेप्लिकेशन (रेप्लिकाची पोच येईपर्यंत कमिट थांबवणं) घेतलं की लॅग शून्य होतो ना?

डेटा गमावण्याच्या बाजूने जवळजवळ हो, वाचण्याच्या बाजूने नाही. मायएसक्यूएलच्या सेमी-सिंकमध्ये रेप्लिका ‘मिळालं’ एवढंच कळवते. लावणं नंतर होतं. पोस्टग्रेसमध्ये ‘सिंक्रोनस कमिट’ ही सेटिंग ‘ऑन’ असली आणि सिंक्रोनस रेप्लिका नेमलेली असली तरी प्रायमरी फक्त फ्लशची वाट पाहते. लावून होईपर्यंत थांबायचं असेल तर ९.६ पासून ‘रिमोट अप्लाय’ आहे. ते घेतलं की रेप्लिकावरचा उशीर प्रत्येक कमिटच्या वेळेत येऊन बसतो.

अंतराचाही हिशेब ठेवा. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरमधून महाप्याच्या दुसऱ्यात जायला हा वेळ मोजण्यासारखाही नाही. रेप्लिका हैदराबादला असेल तर रस्त्याच्या मापाने सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे जायला ३.५ आणि जाऊन यायला ७ मिलीसेकंद, तेही वाटेतली उपकरणं न धरता. त्याखाली कुठलीही सेटिंग नेऊ शकत नाही.

१४. रेप्लिकावर महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट लावला की लॅग वाढतो. हा खरा लॅग आहे का?

खरा आहे. पोस्टग्रेसमध्ये रिपोर्ट ज्या जुन्या ओळी वाचतोय त्या पुसणारा वॉल आला, की लावणी रिपोर्टसाठी थांबते. किती थांबायचं ते ‘मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले’ ठरवतं, मुळात ३० सेकंद. ती मुदत संपली की रिपोर्ट रद्द होतो. लोक वैतागून ही मर्यादा उठवतात आणि मग लॅग तासांवर जातो. रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका द्या, आणि तिच्या लॅगची मर्यादाही वेगळी ठेवा. मुद्दाम तासभर मागे ठेवलेल्या रेप्लिकालाही हेच लागू: ठरवलेला उशीर आकड्यातून वजा करून उरलेल्यावर अलर्ट लावा.

१५. मोंगोडीबी आणि रेडिसचं काय?

मोंगोत सेकंडरीची (तिथल्या रेप्लिकाची) ऑपलॉगमधली, म्हणजे बदलांच्या लॉगमधली, शेवटची नोंद प्रायमरीच्या शेवटच्या नोंदीशी ताडून लॅग निघतो. प्रायमरी रिकामी असताना ती दर १० सेकंदांनी एक पोकळ नोंद ऑपलॉगमध्ये घालते, म्हणून प्रश्न ९ चा घोळ तिथे मर्यादित राहतो. ‘किती शिळं चालेल’ असं सांगून वाचायचं असेल तर किमान ९० सेकंद द्यावे लागतात, त्याहून बारीक चालत नाही. रेडिसमध्ये ऑफसेटचा (बदलांच्या प्रवाहातल्या जागेचा) फरक पाहा. तो बाइट्समध्ये आहे, तेव्हा प्रश्न २ लागू.

१६. अलर्ट किती सेकंदांवर लावू?

ते धंद्याला विचारा. पासबुकाला ५ सेकंद चालतील, साठ्याच्या रिपोर्टला ५ मिनिटंही चालतील. मी सरासरी कधीच वापरत नाही. दिवसाची सरासरी अर्ध्या सेकंदाखाली असलेल्या रेप्लिकावर रात्रीच्या बॅचमध्ये दहा मिनिटांचा लॅग असू शकतो. सर्वाधिक आणि ९९वा पर्सेंटाइल (ज्याच्याखाली ९९ टक्के मोजण्या येतात तो आकडा) ठेवा. मिनिटाला एकदा मोजत असाल तर ४० सेकंदांचा सुळका दोन मोजण्यांच्या मधून निसटतो, म्हणून सेकंदाला मोजा आणि मिनिटातला सर्वाधिक साठवा.

आणि सगळ्यात आधी हा अलर्ट लावा: मोजमाप आलंच नाही तर. मोजणारा स्क्रिप्ट मेला की बरेच आलेख शेवटचा आकडा तसाच पुढे ओढत राहतात.

१७. लॅग कमी आहे असं पाहून वाचन रेप्लिकावर पाठवलं, तरी ग्राहकाला स्वतःचीच नोंद दिसत नाही. आता काय?

लॅगचा आकडा हाती येईपर्यंत जुना झालेला असतो. एका सेकंदापूर्वी लॅग शून्य होता, यावरून या घडीची नोंद पोचली असं ठरत नाही. ‘मी आत्ता लिहिलेलं मला दिसलंच पाहिजे’ अशी गरज असेल तर लॅग मोजू नका, जागा विचारा. मायएसक्यूएलमध्ये कमिटनंतर मिळालेला जीटीआयडी (ट्रान्झॅक्शनचा स्वतःचा क्रमांक) जपून ठेवा आणि रेप्लिकावर तो लागेपर्यंत थांबणारं फंक्शन मुदत घालून चालवा. पोस्टग्रेसमध्ये कमिटनंतरचा प्रायमरीचा एलएसएन घ्या आणि रेप्लिकाचा लागलेला एलएसएन तिथवर पोचला का ते पाहा. मुदतीत नाही पोचला तर प्रायमरीवरून वाचा.

प्रश्न ३ मधल्या पतपेढीत आम्ही नंतर हेच बसवलं. भरणा झाला की त्या खात्यापुढे जीटीआयडी टिपून ठेवला जातो. पासबुक मशीनमध्ये घातलं की आधी तो रेप्लिकावर शोधला जातो, २ सेकंद वाट पाहिली जाते, आणि नाही सापडला तर छपाई प्रायमरीवरून होते. क्लार्कला यातलं काही दिसत नाही. पहिली ओळ उमटायला कधीतरी किंचित जास्त वेळ लागतो, तेवढंच.